बाराखांदी पलंग

डोंगराच्या कुशीत, सागाच्या रानाला लागून पूर्वी एक गाव होतं. त्या गावात माणसाची पत त्याच्या घरातल्या पलंगावरून ठरायची.

पलंगावर झोप लागते का, हे कुणी विचारत नसे. तो किती खांद्यांचा, एवढंच विचारत. लग्न होऊन सून पहिल्या माहेरपणाहून परत आली, की सासरचे तिच्यासाठी पलंग घडवत. सुताराच्या पडवीतून तो वाजतगाजत घरी यायचा, आणि उचलायला जितके खांदे लागतील तितक्या खांदी तो पलंग. सहाखांदी म्हणजे साधं घर. आठखांदी म्हणजे खाऊनपिऊन सुखी. दहाखांदी पलंगवाल्याला चावडीवर बसायला पुढची जागा. चारखांदी पलंग मात्र कुणीच करत नसे. "चार खांद्यांवर तिरडी जाते, पलंग नाही," असं म्हातारी माणसं सांगायची, आणि ऐकणारे कानाला हात लावायचे.

मिरवणुकीत पुढचा माणूस ओरडायचा, "पलंग कुणाचा?" आणि मागचे सगळे एका आवाजात म्हणायचे, "सुनेचा!"

तो कसा हवा, हे मात्र सुनेला कुणी विचारत नसे.

त्या गावातल्या मानकऱ्याच्या मुलाचं, केरबाचं, लग्न झालं. सून आली तिचं नाव सगुणा. ती लांबच्या गावची. तिच्या माहेरी पलंग म्हणजे पाठ टेकायची वस्तू, एवढंच तिला ठाऊक. नव्या जोडप्याला माडीखालची खोली मिळाली. खोली लहान होती, पण छान होती. एका भिंतीला दार, समोरच्या भिंतीला परसाकडे उघडणारी खिडकी. सकाळी खिडकी उघडली की ऊन थेट दारापर्यंत यायचं.

पलंगाची बोलणी सुरू झाली तेव्हा सगुणानं एक केलं. आपलं लुगडं तिनं खोलीच्या मधोमध घडी घालून पसरलं, पलंगाएवढं. मग ती त्याच्याभोवती चालली. दार उघडून पाहिलं. खिडकीशी जाऊन पाहिलं. घडी थोडी लहान केली आणि पुन्हा चालली.

सासू दारात उभी होती. "हे काय चाललंय, सूनबाई?"

"पलंगाची जागा बघतेय, आत्याबाई. एवढा पुरेल. दोघं झोपू, दार पुरतं उघडेल, खिडकीशी जाता येईल. आणि त्याला पाय तेवढे उंच हवेत, खालून केरसुणी फिरली पाहिजे."

सासूनं लुगड्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, हा तर चार खांद्यांचा होईल! गप्प बैस. पुन्हा बोलू नकोस असलं अभद्र."

मानकऱ्याच्या कानावर गोष्ट गेलीच. तो मनापासून हसला. "सूनबाईंना झोपायला पलंग हवाय की झाडलोटीला? काळजी करू नका म्हणावं. या गावानं पाहिला नाही असा पलंग आणतो."

आणि आणला. बाराखांदी. सुतारानं त्यावर आपली सगळी हौस फेडली. उशाकडची फळी पुरुषभर उंच, तिच्यावर पिसारा फुलवलेला मोर. पाय नव्हतेच, चारी बाजूंनी फळ्या थेट जमिनीपर्यंत, पेटाऱ्यासारख्या. "पाय दिसले की पलंग गरीब दिसतो," असं सुतार म्हणाला आणि मानकऱ्याला ते पटलं.

मिरवणूक दारात आली तेव्हा कळलं, की पलंग खोलीत जात नाही. आडवा जाईना, उभा जाईना. गर्दीतली शेजारची काकू म्हणाली, "अहो मानकरी, खोलीत पलंग ठेवताय की पलंगात खोली?"

लोक हसले. मानकरी चिडला. त्यानं दाराशेजारची भिंत पाडायला लावली, पलंग आत घेतला आणि भिंत पुन्हा बांधून, लिंपून घेतली. पलंग दोन्ही बाजूंच्या भिंतींना घासून बसला. उशाकडच्या मोरानं खिडकी पुरती झाकली. पायथ्याशी, दाराजवळ, तेवढी जमिनीची एक चिंचोळी पट्टी उरली. दार आत उघडायचं. ते आता अर्ध्यातच पलंगाला धडकून थांबू लागलं.

गावातल्या बायका पलंग बघायला आल्या. दारातून एकेकीनं डोकं आत घातलं, कारण दोघींना जागाच नव्हती. "नशीब काढलंस हो पोरी," म्हणाल्या आणि गेल्या.

सगुणा त्या खोलीत राहू लागली. ऊन आता येत नव्हतं. आत जायचं तर अंग चोरून, आडवं होऊन जायचं, आणि दार लावून घेतलं की पायथ्याच्या फळीवरून चढून गादीवर पडायचं. पलंगाखाली काय साठतंय ते कुणाला दिसत नव्हतं. उंदरांनी पायथ्याच्या फळीला एक भोक पाडलं, तेव्हा ती केरबाला म्हणाली, "अहो, एकदा मामंजींशी बोला ना."

"बोलतो," केरबा म्हणाला. त्यानं बोलायला नको का? पण वडिलांसमोर उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. आज नको, उद्या बोलू, असं करत त्यानं पावसाळा काढला, मग हिवाळा काढला.

तोवर सगुणाला दिवस गेले. पोट वाढू लागलं तसं दार लहान होऊ लागलं. आधी ती आडवी होऊन शिरायची, मग श्वास रोखून शिरू लागली. ओटीभरण झालं. चार दिवसांत माहेरचं माणूस न्यायला येणार होतं. "आता थोडक्यासाठी कशाला वाद," असं केरबा म्हणाला, आणि तीही गप्प बसली.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, जेवणं आटोपल्यावर ती जराशी आडवी झाली होती. डोळा लागतोय न लागतोय तोच पलंगाच्या पोटातून आवाज आला. लोहाराचा भाता फुंकावा तसा. एकदा. मग पुन्हा, जास्त जोरात.

सगुणा उठून बसली. उंदीर असा आवाज करत नाहीत. ती हळूच सरकली आणि पायथ्याच्या फळीवरून खाली डोकावली. भोकातून घोणस बाहेर येत होती. जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके. ती सावकाश बाहेर आली आणि दार व पलंग यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत वेटोळं करून बसली. जायला दुसरी जागा तिलाही नव्हती.

तेवढ्यात बाहेरून सासूचा आवाज आला. "सूनबाई, ताक ठेवलंय, घेतेस ना?" आणि दार हललं.

"आत्याबाई, दार लोटू नका!"

"का गं? काय झालं?"

"दाराशी घोणस आहे. दार तिला लागेल. हात काढा दारावरून. हळू."

पलीकडे भांडं जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला आणि मग सासूची हाक साऱ्या घरात घुमली.

घर गोळा झालं, पाठोपाठ गल्ली गोळा झाली. मानकरी आला. केरबा शेतातून धावत आला. सुतार शेजारीच काम करत होता, तो हत्यारांसकट आला.

"दार फोडा!" मानकरी म्हणाला.

"फोडाल तर फळ्या घोणशीच्या अंगावर पडतील," सासू म्हणाली. "खवळली तर कुठं जाईल? बाहेर आपण, आत सूनबाई. वरच जाईल ना!"

आत सगुणानं पाहिलं, तिची गोधडी पायथ्यावरून घसरून पार जमिनीला टेकली होती. वर यायला जणू पायरीच. तिनं गोधडीचं टोक चिमटीत धरलं आणि ओढायला सुरुवात केली, अगदी सावकाश. घोणशीनं डोकं उचललं. सगुणा थांबली. डोकं खाली गेलं, तिनं पुन्हा ओढलं. गोधडी पुरती वर आली.

"खिडकीतून काढू तिला," केरबा म्हणाला. सगळे परसात धावले. केरबानं खिडकीची दारं बाहेरून उघडली. समोर मोराची पाठ. सागाची अखंड, भक्कम फळी. तिच्यापलीकडे हातभर अंतरावर त्याची बायको होती आणि तिचा श्वाससुद्धा त्याला ऐकू येत होता.

"फळी कापावी लागेल," तो सुताराला म्हणाला.

सुतारानं करवत काढली आणि मानकऱ्याकडे पाहिलं. मानकऱ्याचा चेहरा पांढरा पडला.

त्याला सून नको होती असं नाही. त्याचा जीवही खालीवर होत होता. पण लहानपणापासून त्यानं एकच ऐकलं होतं, की पलंगाला करवत लागली की ती वंशाला लागते. आणि हा तर वंशाचाच प्रश्न होता. त्यात परसात उभं राहून सारं गाव बघत होतं.

"थांबा," तो म्हणाला. "पलीकडच्या गावात गारुडी आहे. माणूस पाठवू."

"आबा, तो येईपर्यंत..."

"मी तिच्याच भल्याचं बोलतोय, केरबा! कापलेल्या पलंगावर कधी कुणाचं बरं झालंय?"

केरबानं मान खाली घातली. सवयच होती.

आणि मग, ज्या बाईनं आयुष्यात नवऱ्यापुढे आवाज चढवला नव्हता, ती सासू पुढे आली. "अहो, पलंग आत घालायला तुम्ही घराची भिंत फोडलीत. तेव्हा नाही घराला काही झालं? पलंगासाठी भिंत फुटते, आणि माणसासाठी पलंग फुटत नाही?"

सुतार करवत हातात धरून तसाच. "मालकाच्या शब्दाशिवाय मी करवत कशी लावू?" तो पुटपुटला. भीती त्यालाही होतीच, आणि तो मोर त्याचा होता.

फळीपलीकडून सगुणाचा आवाज आला. ती मोठ्यानं बोलूच शकत नव्हती. घोणस पायथ्याशी फुसफुसत होती. त्यामुळे सगळ्यांना श्वास धरून ऐकावं लागलं.

"सुतारदादा, मालकाचा शब्द हवाय ना? मग मला सांगा, मिरवणुकीत काय ओरडला होतात सगळे? पलंग कुणाचा?"

परसात एवढी माणसं, आणि सगळी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"मामंजी, पलंग कुणाचा?"

शेजारची काकू गर्दीतून पुढे सरली. "सुनेचा," ती म्हणाली. मग तिच्या मागची एक बाई म्हणाली, "सुनेचा." मग आणखी एक. ओरडलं कुणीच नाही. एकेकीनं शांतपणे सांगितलं, साक्ष द्यावी तसं.

"तर मग माझा पलंग आहे," सगुणा म्हणाली, "आणि मी सांगतेय. कापा."

सुतारानं मानकऱ्याकडे आता पाहिलंच नाही. त्यानं फळीच्या कडेला गिरमिटानं भोक पाडून करवतीचं टोक आत घातलं, आणि केरबानं, कुणी न सांगता, त्याच्याबरोबर मूठ धरली.

पहिल्याच ओढीला सारा पलंग थरथरला. आत घोणशीनं अंग ताठ केलं. सापाला कान नसतात म्हणतात, पण जमिनीची थरथर त्याला अंगभर ऐकू येते. सगुणानं उशी, लोड, गोधडी, हाताशी होतं ते सगळं मोराच्या छातीवर दाबून धरलं आणि पाठीनं रेटा दिला, म्हणजे थरथर पायथ्यापर्यंत कमी जाईल.

"हळू," ती म्हणाली. "घाई करू नका."

करवत हळू चालली. भुसा खिडकीतून परसात पडत होता. सागाची फळी जाड, आणि सुतारानं ती चांगली निवडून घेतलेली. आज तोच दात ओठ खात तिला शिव्या घालत होता.

पायथ्याच्या फळीवर एक त्रिकोणी डोकं वर आलं. घोणस बघत होती. जीभ आत, बाहेर. सगुणा तिच्याकडे बघत होती. तिच्या पोटातलं मूल हललं आणि तिला वाटलं, आता हे पाय झाडणार, आणि मी ओरडणार. ती ओरडली नाही. पाय आणखी जवळ ओढून घेतले. मांड्यांना मुंग्या आल्या होत्या.

डोकं फळीवर टेकलं. मागून मान आली. मग घोणस गादीवर उतरली.

"अहो," सगुणा म्हणाली, "ती वर आलीय."

केरबानं करवत सोडली, दोन पावलं मागं गेला आणि खांद्यानं फळीवर धडक दिली. मोर कडाडला. दुसऱ्या धडकेला त्याची मान तुटली आणि बाजूला सरकलेल्या सगुणाशेजारी तो पिसाऱ्यासकट कोसळला. भगदाड पडलं. त्यातून चार हात आत गेले, दोन केरबाचे, दोन सासूचे. सगुणा मागच्या मागं खिडकीतून बाहेर ओढली गेली, आणि त्याच क्षणी घोणशीनं झेप घेतली. तिचे दात सगुणाच्या हातातून सुटलेल्या उशीत रुतले.

परसातल्या मातीत सगुणा बसली होती आणि सासू तिच्या पायावरून, पोटावरून हात फिरवत होती. "लागलं नाही ना? कुठं लागलं नाही ना गं?" शेवटी ती स्वतःच रडायला लागली.

घोणस भगदाडातून बाहेर आली आणि गवतात निघून गेली. तिला कुणी अडवलं नाही.

सगुणा माहेरी गेली. तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. वंशाला करवत लागली नव्हती.

बाळ हसू लागलं, तेव्हा मानकरी स्वतः सुनेला न्यायला गेला. सोबत बाळलेणी होती आणि चेहऱ्यावर कौतुक ऐकायची घाई होती. पाणी पिऊन होताच तो म्हणाला, "सूनबाई, नवा पलंग करून घेतलाय. आठखांदी. तुमच्यासाठी एवढा कमी केला. गावात बोलतायत लोक, पण बोलू देत. शिवाय मोर नाही, नुसती वेलबुट्टी."

सगुणा मुलीला थोपटत होती. "खोलीचं दार पुरतं उघडतं का, मामंजी?"

मानकऱ्यानं पागोटं सारखं केलं. "ते... पाहिलं नाही."

"मग पाहून या."

"आता? एवढ्या लांब परत?"

"मी इथंच आहे. घाई नाही."

तिच्या आईनं कपाळाला हात लावला. सासऱ्याला असं कुणी परत पाठवतं? पण सगुणानं नजर खाली केली नाही. तिनं मुलीकडे बोट दाखवलं. "हिला घेऊन मला त्या दारातून जायचंय, मामंजी. आडवी होऊन नाही."

मानकरी परत गेला. वाटभर रागानं बडबडत गेला. घरी पोचल्यावर त्यानं मुलाच्या खोलीचं दार लोटलं, आणि ते पलंगाला धडकलं. तो अंग चोरून आत शिरला. या खोलीत तो आजवर कधी आलाच नव्हता. त्यानं पाहिला होता तो पलंग, खोली नव्हे. तो पलंगावर आडवा झाला. उठताना गुडघा भिंतीवर आपटला. खिडकी उघडायला गेला तर हात पोचेना. वेलबुट्टी छान होती, पण पडल्या पडल्या ती दिसतच नव्हती.

मग त्यानं बायकोला हाक मारली. "अगं, तुझ्या मते केवढा हवा?"

"मला कशाला विचारता?" ती म्हणाली. "जी झोपणार, तिला विचारा."

चार दिवसांनी मानकरी पुन्हा सुनेच्या माहेरी आला. या वेळी बाळलेणी नव्हती. हातात खोलीच्या मापाच्या दोन दोऱ्या होत्या, एक लांबीची, एक रुंदीची. त्यानं त्या सगुणापुढे ठेवल्या आणि म्हणाला, "पलंग जिथवर हवा, तिथं तुम्ही गाठ मारा. सुताराला तेवढंच सांगतो."

सगुणानं दोन्ही दोऱ्यांना गाठी मारल्या. मानकऱ्यानं पाहिलं. गाठीपलीकडे दोरी बरीच उरत होती. तो ते उरलेलं टोक बोटांत फिरवत राहिला. त्याला खरंच कळत नव्हतं.

"आणि या एवढ्या जागेत काय ठेवायचं, सूनबाई?"

"काही नाही, मामंजी," सगुणा म्हणाली. "तिथून मी चालणार."

तात्पर्य एवढंच: पलंग केवढा आणि कसा हवा हे गावाला नव्हे, झोपणाऱ्याला विचारावं, आणि खोलीत जी जागा रिकामी वाटते, ती माणसाची असते.